‘द सिम्पसन्स’मधली ब्रॉडवेची गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका १९८९च्या डिसेंबरपासून चालू आहे. स्प्रिंगफील्ड नावाच्या गावातलं होमर, मार्ज, बार्ट, लिसा आणि तान्ही मॅगी हे कुटुंब बहुतेकांना चेहऱ्याने तरी ठाऊक असतं. मी ही मालिका बघते ती मुख्यतः तिच्यातल्या गाण्यांसाठी. त्यातली बरीच गाणी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यवस्तीतल्या, म्युझिकल्सची विडंबनं असतात. कुणासोबत बघायला बसलं, की गाणं सुरू झाल्यावर ठरावीक प्रश्न येतातच. तेच इथे घेतले आहेत.

म्युझिकल म्हणजे आपलं संगीत नाटकच ना?

नातं आहे, पण सख्खं नाही. आपल्या संगीत नाटकात पद आलं की कथा थांबली तरी चालायचं. राग खुलायचा, ताना व्हायच्या, वन्स मोअर पडायचा. ब्रॉडवेचं म्युझिकल, विशेषतः १९४३च्या ‘ओक्लाहोमा!’नंतरचं, वेगळ्या शिस्तीचं आहे. तिथे गाणं सुरू होताना पात्र एका ठिकाणी असतं आणि गाणं संपताना दुसरीकडे पोचलेलं असतं. गाण्यात निर्णय होतात, प्रेम जमतं, गाव फसतं. संवाद अपुरे पडले की गाणं येतं, असं तिकडे मानतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की ‘द सिम्पसन्स’ची चांगली गाणी ही शिस्त काटेकोर पाळतात. बावीस मिनिटांच्या भागात दोन मिनिटं गाण्याला द्यायची, तर त्या दोन मिनिटांत काहीतरी घडायलाच हवं.

मूळ म्युझिकल बघितलेलं नसेल तर विनोद कळतो का?

कळतो. मी स्वतः कितीतरी गाणी आधी इथे ऐकली आणि मूळ नंतर शोधलं. मूळ माहीत असलं तर एक जास्तीचा मजला चढायला मिळतो, इतकंच. मात्र इंग्रजी सबटायटल लावून बघा. यमकं आणि शब्दांच्या कोलांट्या पहिल्या ऐकण्यात हातून निसटतात.

एकच भाग बघायचा तर कुठला?

‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’. चौथा सीझन, जानेवारी १९९३, लेखक कॉनन ओब्रायन. पुढे रात्रीच्या टॉक शोमुळे घराघरात पोचलेले तेच हे ओब्रायन.

कथा अशी. अणुवीज केंद्राचा मालक बर्न्स याला किरणोत्सारी कचरा टाकल्याबद्दल तीस लाख डॉलर दंड होतो आणि तो पैसा गावाला मिळतो. मार्ज सभेत उठून सांगते, मेन स्ट्रीटचे खड्डे बुजवू या. सभा जवळजवळ तयार होते. तेवढ्यात मागच्या बाजूने शीळ ऐकू येते. फ्लॅट हॅट, बो टाय घातलेला लाइल लॅनली पुढे येतो आणि मोनोरेल विकायला लागतो.

हा लॅनली आला मेरेडिथ विल्सन यांच्या ‘द म्युझिक मॅन’मधून. हे म्युझिकल १९५७ साली ब्रॉडवेवर आलं, रॉबर्ट प्रेस्टन नायक होते. त्यात हॅरल्ड हिल नावाचा फिरता विक्रेता १९१२च्या आयोवातल्या एका छोट्या गावात उतरतो. त्याला मुलांच्या बँडची वाद्यं आणि गणवेश विकून पसार व्हायचं आहे, आणि स्वतःला स्वर वाचताही येत नाहीत. गावाला बँडची गरज वाटावी म्हणून तो आधी भीती घालतो: गावात ‘पूल’ या खेळाचं टेबल आलंय, आता तुमची पोरं वाया जाणार! ‘या गॉट ट्रबल’ हे त्याचं गाणं म्हणजे खरं तर ठेक्यावर म्हटलेलं भाषण. चाल जवळजवळ नाहीच, सगळा जोर लयीवर आणि मध्येमध्ये ‘ट्रबल’ म्हणून ओ देणाऱ्या गर्दीवर.

लॅनलीचं गाणं हेडफोन लावून ऐका. तो गात नाही, बोलतो. आधी दोन-तीन गावांची नावं घेतो, जिथे मोनोरेल ‘पोचलेली’ आहे. मग ‘मोनोरेल’ हा एकच शब्द गर्दीच्या तोंडी देतो. गर्दी तो शब्द आधी चाचपडत म्हणते, मग पुन्हा, मग जोरात. लोक एकेक शंका विचारतात, आवाज फार होईल का, रूळ वाकेल का, आणि प्रत्येक शंकेचं उत्तर तो तिच्याशीच यमक जुळवून देतो. उत्तर पटलं म्हणून नव्हे, यमक जुळलं म्हणून माणसं मान डोलावतात. हातचलाखी इतक्या स्वच्छपणे दाखवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शेवटी मार्ज पुन्हा मेन स्ट्रीटच्या खड्ड्यांचं काढते, तर बार्ट तिच्याच ओळीला यमक जोडून तिला गप्प करतो. तिचा मुद्दा बरोबर असतो, पण गाणं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं.

मूळ म्युझिकलमध्ये हॅरल्ड हिल गावातल्या ग्रंथपाल मॅरियनच्या प्रेमात पडतो, थांबतो आणि सुधारतो. लॅनली सुधारत नाही. पैसे घेऊन विमानात बसतो. विमान नेमकं त्याने आधी बुडवलेल्या गावात उतरतं आणि तिथले लोक त्याला गाठतात. विडंबनकाराने मुळातलं काय घेतलं यापेक्षा काय गाळलं ते बघावं, असं मला या भागाने शिकवलं.

त्याच गाण्यात अपूला ‘हिंदू मित्रा’ म्हणतात, ते खटकत नाही का?

रूळ वाकण्याची शंका विचारतो तो किराणा दुकानदार अपू, आणि लॅनली त्याला तसं संबोधून यमक साधतो. ती ओळ विक्रेत्याच्या लाघवीपणात बसते आणि त्या जागी मला ती फारशी टोचत नाही. अपूचा एकूण प्रश्न मात्र खरा आहे. भारतीय उच्चारांची ती नक्कल अनेक वर्षं हँक अझारिया हा गोरा नट करत होता. भारतीय वंशाच्या अमेरिकन मुलांना त्यावरून शाळेत चिडवलं गेलं, हे त्यांनी मोठं झाल्यावर जाहीरपणे सांगितलं. २०२० साली अझारियाने ते काम सोडलं आणि पुढे आपल्या वाट्याच्या चुकीबद्दल माफीही मागितली. गाणं आवडणं आणि हे लक्षात ठेवणं, दोन्ही एकाच वेळी जमतं.

मार्ज नाटकात काम करते तो भाग कुठला?

‘अ स्ट्रीटकार नेम्ड मार्ज’, १ ऑक्टोबर १९९२, लेखक जेफ मार्टिन. माझ्या मते हे मालिकेतलं सर्वांत सखोल नाट्यविडंबन आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

टेनेसी विल्यम्स यांचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ हे १९४७चं नाटक गद्य आहे, शोकांतिका आहे. परिस्थितीने खचलेली ब्लांश बहिणीकडे न्यू ऑर्लिन्सला येते. बहिणीचा रांगडा नवरा स्टॅन्ली तिला पार मोडून टाकतो. शेवटी वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर तिला न्यायला येतो, तेव्हा ती त्याचा हात धरून म्हणते, की परक्यांच्या चांगुलपणावरच मी कायम विसंबत आले. रंगभूमीवरच्या सर्वांत हताश वाक्यांपैकी हे एक.

स्प्रिंगफील्डची हौशी मंडळी याचं म्युझिकल करतात. यामागे व्यवहारी कारण होतं. मूळ नाटकाचे हक्क राखीव, त्यामुळे त्यातले संवाद सढळ हाताने वापरता येणार नव्हते. म्हणून मार्टिन यांनी स्वतंत्र गाणी लिहिली. अडचणीतून एवढी चांगली युक्ती निघाल्याचं उदाहरण विरळा.

मार्ज ब्लांश होते आणि शेजारचा देवभोळा नेड फ्लँडर्स स्टॅन्ली. तालमीत एक जागा मार्जला जमत नाही. बाटली फोडून स्टॅन्लीच्या अंगावर धावून जायचं आहे, पण तिला इतका राग येतच नाही. मग होमर तिथे येतो, नेहमीसारखा फक्त स्वतःच्या खाण्यापिण्यात गढलेला. मार्ज त्याच्याकडे बघते, समोरच्या फ्लँडर्सच्या जागी तिला होमर दिसतो आणि बाटली फुटते. नटाला भूमिका सापडते म्हणजे काय होतं, ते या काही सेकंदांत आहे.

प्रयोगाच्या शेवटी मात्र नाटकातली शोकांतिका थेट उलटी होते. मार्ज दोऱ्यांवर लटकून रंगमंचावर तरंगते, धूर, लेसर, आणि अख्खा कोरस आनंदाने गातो, की अनोळखी माणूस म्हणजे अजून न भेटलेला मित्रच! ब्लांशचं ते वाक्य घेऊन त्यातली सगळी वेदना पुसली आणि त्याचं भेटकार्ड केलं. मोठ्या साहित्यकृतीला बळेच हसरा शेवट चिकटवणाऱ्या म्युझिकल्सवर यापेक्षा नेमका घाव घालता आला नसता.

आणि इथेच हा भाग साध्या टवाळीच्या पुढे जातो. इतकं बाळबोध रूपांतर, तरी होमरला ते भिडतं. मार्जला वाटतं, मान खाली घालून बसलेला हा माणूस झोपला असणार. पण प्रयोगानंतर तो सांगतो, त्या बाईचं वाईट वाटलं, तिला कुणीतरी नीट वागवायला हवं होतं, आणि तो स्टॅन्ली थोडा माझ्यासारखाच आहे. वाईट प्रयोगसुद्धा प्रेक्षकापर्यंत पोचतो. हौशी रंगभूमीवर काम केलेल्या माणसाला हा शेवट बघताना भरून येतं. मला तरी येतं.

न्यू ऑर्लिन्सचे लोक खरंच चिडले होते का?

हो. मार्जच्या त्या नाटकाची सुरुवात शहराची यथेच्छ निंदा करणाऱ्या गाण्याने होते: चाचे, दारुडे, दुर्गंधी वगैरे. भाग दिसण्याआधीच गाण्याचे शब्द तिथल्या वर्तमानपत्रात छापून आले आणि लोक खवळले. फॉक्स वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढच्याच आठवड्याच्या भागात, सुरुवातीला बार्ट फळ्यावर शिक्षा म्हणून जे वाक्य लिहितो, ते होतं ‘मी न्यू ऑर्लिन्सची बदनामी करणार नाही’.

रागात एक गोष्ट बाजूला पडली. त्या गाण्याचा साचा स्टीफन सॉन्डहाइम यांच्या ‘स्वीनी टॉड’ या १९७९च्या म्युझिकलमधला आहे. त्यात नायक बोटीतून लंडनला परततो आणि लंडन कसा माणसांच्या घाणीने भरलेला काळा खड्डा आहे, ते गातो. म्हणजे मूळ ओरखडा लंडनवरचा. जेफ मार्टिन यांनी तो शहर बदलून वापरला.

बार्टचा खून करायला आलेला माणूस मध्येच ऑपेरा का गातो?

‘केप फिअर’ हा ऑक्टोबर १९९३चा भाग. साइडशो बॉब हा सुसंस्कृत, उच्चभ्रू, सूडाने पेटलेला खलनायक. आवाज केल्सी ग्रॅमर यांचा. नदीतल्या हाउसबोटीवर तो बार्टला गाठतो. बार्ट शेवटची इच्छा म्हणून बॉबच्या सुरेल आवाजाची स्तुती करतो आणि ‘एच. एम. एस. पिनाफोर’ ही संगीतिका पूर्ण गाऊन दाखव म्हणतो. बॉब खरंच गातो. कोरस, स्त्री पात्राचं गाणं, सगळं एकटाच. ‘ही इज ॲन इंग्लिशमन’वर ब्रिटिश झेंड्यासह सांगता होते, तोवर बोट वाहत स्प्रिंगफील्डला लागलेली असते आणि पोलीस समोर उभे असतात.

हा शेवट आकाशातून पडत नाही. त्याच भागात आधी हे कुटुंब गाडीतून लपायच्या गावी निघतं, तेव्हा एफबीआयच्या हौशी ऑपेरा मंडळाची कॅसेट लावून सगळे ‘द मिकाडो’मधलं ‘थ्री लिटल मेड्स’ म्हणत असतात. बी तिथे पेरलं होतं.

‘पिनाफोर’ (१८७८) आणि ‘मिकाडो’ (१८८५) दोन्ही गिल्बर्ट आणि सलिव्हन या लंडनच्या जोडीची. शब्द गिल्बर्टचे, संगीत सलिव्हनचं. आजच्या म्युझिकलची वंशावळ मागे नेली तर या जोडीपाशी पोचते. बॉबसाठी ही निवड अचूक आहे. गिल्बर्टची गाणी स्वतःला फार सभ्य समजणाऱ्या माणसांची थट्टा करतात, आणि बॉबला आपली सभ्यता आपल्या सूडाहून प्यारी आहे. गाण्याची फर्माईश त्याला नाकारता येत नाही, तिथे तो हरतो. शिवाय ‘पिनाफोर’ एवढं जुनं, की त्यावर हक्क उरलेले नव्हते. हवं तितकं गावं.

जाता जाता या जोडीचं एक सांगते. ‘पिनाफोर’ गाजल्यावर अमेरिकेतल्या कंपन्यांनी परवानगी न घेता, दमडी न देता त्याचे प्रयोग लावले. कारण परदेशी लेखकाला तिथे कायद्याचं संरक्षण नव्हतं. म्हणून पुढचं नाटक, ‘द पायरेट्स ऑफ पेन्झन्स’, त्यांनी १८७९च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्येच उघडलं. त्यातलं मेजर-जनरलचं धावतं गाणंही स्प्रिंगफील्डला पोचलं. ‘डीप स्पेस होमर’ या भागात कायम झिंगलेला बार्नी दारू सोडल्यावर कोलांट्या मारत तेच म्हणून दाखवतो. जिभेची एवढी कसरत होतेय म्हणजे माणूस शुद्धीवर आहे, हा पुरावा.

दुसऱ्याच्या चालीवर गाणं रचलं तर खटला होत नाही?

होऊ शकतो, म्हणून या कामात वकील पहिल्यापासून असतात. अमेरिकेत दोन निकाल पायाचे मानावेत. ‘मॅड’ हे विनोदी मासिक प्रसिद्ध गाण्यांवर नवे विनोदी शब्द रचून वर ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ एवढंच छापायचं. (आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापायची पद्धत होती, तसंच.) गीतकार अर्व्हिंग बर्लिन आणि इतर हक्कधारक कोर्टात गेले. १९६४ साली अपील कोर्टाने ‘मॅड’च्या बाजूने निकाल दिला. पुढे १९९४ साली ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पैसे कमावण्यासाठी केलेलं विडंबनही न्याय्य वापरात, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात, बसू शकतं. ‘बसू शकतं’ म्हणजे बसतंच असं नाही, दर वेळी तपासावं लागतं.

म्हणून बहुतेक गाणी मूळ चाल उचलत नाहीत. लय, वाद्यमेळ, ओळींची लांबी, स्वरांची चढण अशी ठेवतात की कानाला मूळ आठवावं, पण कागदावर स्वर वेगळे निघावेत. मूळ शेजारी ठेवून ऐकलंत तर नेमकी वळणं कुठे बदलली ते सापडतं. हा मोठा आनंदाचा खेळ आहे.

वकिलांची सावली एका भागात उघडच दिसते. ‘द प्रेसिडेंट वोअर पर्ल्स’ (नोव्हेंबर २००३) हा लिसावरचा भाग अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांच्या ‘एव्हिटा’ या एव्हा पेरॉनवरच्या म्युझिकलवर बेतलाय. लिसा शाळेच्या विद्यार्थी संघाची अध्यक्ष होते. तिला मुलांच्या प्रेमाची चटक लागते आणि शिक्षक त्याचाच फायदा घेऊन संगीत, कला, व्यायाम हे तास बंद करून घेतात. सगळी गाणी ‘एव्हिटा’च्या वाटेने जातात आणि शेवटी पडद्यावर पाटी येते: वकिलांच्या सल्ल्यावरून आम्ही शपथेवर सांगतो, की एव्हा पेरॉनच्या आयुष्यावरचं कुठलंही म्युझिकल आम्ही कधी ऐकलेलं नाही.

हे संगीत करतं कोण?

शीर्षकसंगीत डॅनी एल्फमन यांचं. पण आपण ज्या गाण्यांबद्दल बोलतोय ती आल्फ क्लॉसन यांची. १९९० ते २०१७, सत्तावीस वर्षं, जवळजवळ दर आठवड्याला नवं संगीत, तेही पस्तीस वादकांच्या ताफ्याकडून वाजवून घेतलेलं. कार्टूनसाठी एवढा ऑर्केस्ट्रा ही चैन होती, पण गाण्यांमध्ये त्याचा प्रत्येक पैसा ऐकू येतो.

क्लॉसन यांचं तत्त्व सोपं होतं: विनोद शब्दांत आणि चित्रात असतो, संगीताने विनोदी होऊ नये. करुण प्रसंगाला खरं करुण संगीत द्यायचं, भव्य प्रसंगाला खरं भव्य. मोनोरेलच्या गाण्यातली ब्रास (पितळी) वाद्यं ऐका किंवा ‘स्ट्रीटकार’च्या शेवटचा कोरस. डोळे मिटले तर ते ब्रॉडवेचंच काम वाटतं. मला जे सांगायचंय ते हेच: संगीतकाराने डोळा मारला असता, तर ही गाणी महिन्याभरात विरून गेली असती. मूळ कलेवर इतकी हुकूमत असल्याशिवाय तिची थट्टा टिकत नाही.

कामाची रीतही कठीण असते. ओठ आणि नाच जुळायचे तर चित्रं काढण्याआधी गाणं तयार हवं; ऑर्केस्ट्रा पुढे कित्येक महिन्यांनी, चित्रं पूर्ण झाल्यावर वाजतो. गीतकार केन कीलर यांच्यासोबत क्लॉसन यांना सलग दोन वर्षं, १९९७ आणि १९९८ साली, गाण्यासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. दुसरं गाणं न्यूयॉर्कच्या भागातलं, मार्ज आणि मुलं ब्रॉडवेवर जे काल्पनिक म्युझिकल बघतात त्यातलं. पहिलं ‘बार्ट आफ्टर डार्क’मधलं. तिथे संतापलेला जमाव नाचगाण्याचं एक घर पाडायला येतो आणि तिथल्या बायका व त्यांचे आश्रयदाते गाऊन जमावाचं मन वळवतात. मार्ज नेमकी गाणं संपल्यावर बुलडोझर घेऊन पोचते. तिने ऐकलंच नाही, त्यामुळे तिचं मत बदललेलं नाही! गाण्यात कथा पुढे सरकते या नियमाचा इतका तार्किक उपयोग दुसऱ्या कुणाला सुचलेला मला माहीत नाही.

क्लॉसन २०२५च्या मे महिन्यात गेले.

‘माय फेअर लेडी’वरचा भाग आहे म्हणे?

आहे, ‘माय फेअर लॅडी’ (फेब्रुवारी २००६). भागाच्या नावात ‘लेडी’च्या जागी ‘लॅडी’, म्हणजे पोरगा अशा अर्थाचा शब्द आहे. शाळेचा रांगडा स्कॉटिश माळी विली बेघर होतो, आणि लिसा बार्टशी पैज लावते की विज्ञान प्रदर्शनापर्यंत याला सभ्य गृहस्थ करून दाखवेन.

मराठी माणसाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. शॉ यांचं १९१३चं ‘पिग्मॅलियन’ हे मूळ. त्याचं लर्नर आणि लोव यांनी १९५६ साली म्युझिकल केलं, आणि त्याच नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ लिहिलं, ते १९७५ साली भक्ती बर्वे यांनी अजरामर केलं. हा भाग मी आईला दाखवला. इंग्रजी गाणी तिला फारशी कळली नाहीत, पण विली शिकवणीला वैतागला तेव्हा ती लगेच म्हणाली, “आता हा ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ म्हणणार!” मंजुळा आणि विली एकाच पणजोबांची नातवंडं, हे तिने न सांगता ओळखलं.

शेवट मात्र वेगळा आहे. शॉच्या नाटकाचा काटा असा, की भाषा बदललेली मुलगी आता परत फुलं विकायलाही जाऊ शकत नाही. तिचं पुढे काय? विली परत जाऊ शकतो. सुटाबुटात उपाहारगृहात उभं राहून त्याला मातीची आठवण येते आणि तो पुन्हा माळी होतो. मालिकेला पुढच्या आठवड्यात जुनाच विली हवा असतो, हे खरं कारण. त्यामुळे मला हा भाग गोड वाटतो, पण ‘स्ट्रीटकार’च्या जवळपासही ठेवावासा वाटत नाही.

सगळे संदर्भ रंगभूमीचेच असतात का?

नाही. बर्न्सचं प्राण्यांच्या कातड्याच्या कपड्यांवरचं गाणं डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ चित्रपटावरून आलं. शेरी बॉबिन्स ही जादूची आया १९६४च्या ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटाची बहीण. त्या गोष्टीचं रंगमंचीय म्युझिकल २००४ साली, म्हणजे विडंबनानंतर आलं.

लेखकांना म्युझिकल्स आवडत नाहीत का? किती टर उडवतात!

माझी खात्री आहे की अतोनात आवडतात. ‘अ फिश कॉल्ड सेल्मा’ (१९९६) बघा. उतरणीला लागलेला नट ट्रॉय मॅक्लूर, आवाज फिल हार्टमन यांचा, ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या म्युझिकलमध्ये काम करतो. नाटकाचं नाव १९६१च्या ‘स्टॉप द वर्ल्ड, आय वॉन्ट टू गेट ऑफ’वरून, मधलं गाणं फाल्कोच्या ‘रॉक मी अमाडेउस’ या पॉपगीताच्या ठेक्यावर. कल्पना कमालीची हास्यास्पद आहे, पण शेवटचं गाणं इतकं घट्ट बांधलेलं, की ते नाटक खरंच असतं तर मी तिकीट काढलं असतं. द्वेषाने कुणी इतकी मेहनत घेत नाही. उलट, सॉन्डहाइम स्वतः ‘योकल कॉर्ड्स’ (२००७) या भागात स्वतःच्याच आवाजात आले; तो भाग ‘साउंड ऑफ म्युझिक’वर आधारलेला.

इतर मालिकांचं काय?

‘फॅमिली गाय’ने २००६ साली एका भागात ‘द म्युझिक मॅन’मधलं ‘शिपूपी’ हे गाणं नाचासकट, जवळजवळ जसंच्या तसं केलं. मला ते विडंबनापेक्षा मानवंदना वाटतं. ‘साउथ पार्क’वाले ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन तर थेट घरात शिरले. त्यांच्या १९९९च्या चित्रपटातलं एक समूहगान ‘ले मिझराब्ल’ या म्युझिकलमधल्या ‘वन डे मोअर’च्या घडणीचं आहे, आणि २०११ साली रॉबर्ट लोपेझ यांच्यासोबत त्यांनी ‘द बुक ऑफ मॉर्मन’ ब्रॉडवेवर आणून रंगभूमीचे नऊ टोनी पुरस्कार घेतले.

‘द सिम्पसन्स’वर कधी नाटक झालं का?

झालं, आणि ते मिळालं तर जरूर वाचा. ॲन वॉशबर्न यांचं ‘मिस्टर बर्न्स’, पहिला प्रयोग २०१२, वॉशिंग्टन. संगीत मायकल फ्रीडमन यांचं. वीज कायमची गेली आहे, जग कोसळलं आहे. वाचलेली काही माणसं शेकोटीभोवती बसून एकमेकांना सावरण्यासाठी ‘केप फिअर’ हा भाग आठवून आठवून सांगतात. एकाला एक वाक्य आठवतं, दुसऱ्याला पुढचं. दुसऱ्या अंकात काही वर्षं लोटली आहेत. अशा आठवलेल्या भागांचे प्रयोग करत हिंडणाऱ्या नाटकमंडळ्या तयार झाल्या आहेत आणि एकेका वाक्याचा सौदा चालतो. तिसऱ्या अंकात पंचाहत्तर वर्षं उलटली आहेत. मूळ भाग पाहिलेलं कुणी उरलं नाही. त्या गोष्टीचं आता मुखवटे घालून गायचं नाटक झालं आहे, साइडशो बॉबची जागा बर्न्सने घेतली आहे, आणि हाउसबोटीवर मृत्यूसमोर उभा असलेला बार्ट गातो आहे.